दोन डोळ्यांचा कॅमेरा

नरडाणा स्टेशनच्या बाकावर बसलेली ती बाई अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या दिवशी जीपमध्ये बसून नरडाण्यापर्यंत जाताना जशी धाकधूक झाली, तशी फार क्वचित झाली. प्रकरण तसं किरकोळ होतं, एका जुन्या कॅमेऱ्याचं. त्यातल्या कोणाचं नाव मी इथे देणार नाही.

मी तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात प्रभारी अधिकारी होतो. गाव सुरतकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. एके दिवशी टपालात धुळ्याहून वर्ग होऊन आलेला एक तक्रार अर्ज मिळाला. अर्जदार धुळ्यातले एक गृहस्थ. चांगली नोकरी, जुने कॅमेरे जमवायचा छंद. आमच्या गावातल्या एका बाईने ऑनलाइन साइटवर विकायला ठेवलेला दोन लेन्सचा जुना कॅमेरा त्यांनी घेतला. वर्णनात ‘लेन्स स्वच्छ’ असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात खालच्या, म्हणजे ज्यातून फोटो निघतो त्या लेन्सवर बुरशी आणि ओरखडे. ‘सदर महिलेने जाणूनबुजून फसवणूक केली आहे, कठोर कारवाई व्हावी,’ असं लिहून सोबत फोटो जोडले होते. साइटने त्यांचे पैसे परत केले होते आणि कॅमेरा बाईकडे परत गेला होता, तरी त्यांचं समाधान झालं नव्हतं.

असे अर्ज आठवड्याला चार येतात. मी अर्जावरचा नंबर फिरवला. पलीकडून बाईंचा आवाज आला. मी म्हणालो, “पोलीस ठाण्यातून बोलतोय. तुमच्याविरुद्ध फसवणुकीचा अर्ज आहे. उद्या अकरा वाजता हजर राहा. आधार कार्ड आणा.”

“साहेब, मी...”

“जे सांगायचं ते उद्या सांगा,” म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या लाइनवर बंदोबस्ताचा फोन वाजत होता.

चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. हा नियम मला पाठ होता. नव्या फौजदारांना मीच तो शिकवत असे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, बारा वाजले, बाई आल्या नाहीत. फोन बंद. मी आमच्या महिला हवालदाराला घरी पाठवलं. अर्ध्या तासात तिचा फोन आला, आवाज बदललेला होता.

“साहेब, घराला कुलूप आहे. शेजारच्या आजी सांगतात, अक्का सकाळीच पिशवी घेऊन निघाल्या. किल्ली यांच्याकडे दिली. म्हणाल्या, माझी मुलगी जळगावहून आली तर तिला द्या.”

“कुठे जाते ते सांगितलं नाही?”

“नाही. आणि साहेब, आजी म्हणतात, पंधरा दिवसांपासून बाई जेवत नव्हत्या. कोणीतरी त्यांचा फोटो आणि नंबर कॅमेरेवाल्यांच्या ग्रुपवर टाकलाय. ‘फसवी बाई, सावध राहा’ असं लिहून. त्यावरून अनोळखी लोक फोन करून वाटेल ते बोलायचे.”

किल्ली देऊन गेलेली बाई, बंद फोन आणि रेल्वेचं गाव. पोलिसाला या तीन गोष्टी एकत्र ऐकायला आवडत नाहीत.

रिक्षा स्टँडवर चौकशी केली. एका रिक्षावाल्याने सांगितलं, चष्मा लावलेल्या एका अक्कांना सकाळी स्टेशनवर सोडलं. मी लगेच मार्गावरच्या दोन्ही बाजूंच्या स्टेशनांना फोन लावायला सुरुवात केली. वर्णन सांगायचं, थांबायचं, ‘नाही’ ऐकायचं आणि पुढचा नंबर फिरवायचा. प्रत्येक वेळी पलीकडच्या माणसाने श्वास घेतला की वाटायचं, आता हा सांगणार, रुळावर एक बाई सापडली आहे. बेटावदला कोणी नव्हतं. नरडाण्याहून उत्तर आलं, “हो, आहे एक बाई. प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला बाकावर बसलीये. दोन-तीन गाड्या गेल्या, ना चढली, ना बाहेर गेली.”

“तिच्याजवळ कोणालातरी बसवा. पाणी द्या. काही विचारू नका,” मी म्हणालो, आणि आम्ही निघालो.

फाटकावर आमची जीप अडली. समोरून मालगाडी जात होती. तिचे डबे संपेचनात. मी ते मोजायला लागलो, मधेच चुकलो आणि पुन्हा मोजायला लागलो.

बाई तशाच बसल्या होत्या. साठीच्या, अंगाने बारीक. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. वर्दी दिसताच उभ्या राहिल्या आणि मनगटं जुळवून पुढे केली. बेड्या घाला, असं न सांगता सांगत होत्या.

“मनी काय चूक शे, साहेब?” माझी काय चूक आहे, एवढंच त्या अहिराणीत बोलल्या.

मी त्यांना खाली बसवलं. हवालदार बाईने त्यांचा हात हातात घेतला. हळूहळू त्या बोलत्या झाल्या. त्यांच्या यजमानांचा गावात फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर जागा सोडायची वेळ आली. कॅमेरे भंगारात जाऊ नयेत, जपणाऱ्या माणसाच्या हाती पडावेत, म्हणून बाईंनी मुलीकडून शिकून ते साइटवर टाकले. डार्करूममध्ये तीस वर्षं नवऱ्याशेजारी उभी राहिलेली बाई ती. वर्णनात तिने स्वतःच लिहिलं होतं: कातडं एका कोपऱ्यात निघालंय, शटर हळू चालतं, लेन्स स्वच्छ.

“मग कॅमेरा परत आला तेव्हा काय पाहिलंत?”

“खालची लेन्स आमची नाही, साहेब. दुसरीच आहे. मी त्यांना लिहिलं, तर म्हणाले, खोटं बोलते. तुम्हाला सांगणार होते, पण...”

पण मी फोन ठेवला होता.

“आज कुठे निघाला होतात?”

“धुळ्याला. त्यांच्या पाया पडायला. ग्रुपवरचा फोटो काढा म्हणायला. इथे उतरले, एसटी धरायची होती. पण पायच उठेनात.”

“आणि घराची किल्ली?”

“तुम्ही मला आत टाकलं, तर पोरीला घर उघडता आलं पाहिजे ना.”

आम्ही त्यांना घरी सोडलं, मुलीला बोलावून घेतलं. मग मी तो अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. आधीच वाचायला हवा होता तसा.

बाईंनी विक्रीला टाकलेल्या फोटोंत खालच्या लेन्सच्या कड्यावरचा नंबर स्पष्ट दिसत होता. परत आलेल्या कॅमेऱ्यावरचा नंबर वेगळा. म्हणजे अदलाबदल झाली हे नक्की. पण कोणी केली? खरेदीदाराने, की बाईंनीच पाठवताना? मुद्दा तिथे अडकत होता.

मी त्या गृहस्थांना बोलावलं. इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. बसल्या बसल्या म्हणाले, “साहेब, माझ्याकडे पुरावा आहे. मी प्रत्येक पार्सल उघडताना व्हिडिओ काढतो.” अर्जाला त्यांनी तो जोडला नव्हता. आता मोठ्या अभिमानाने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

व्हिडिओ आम्ही लावला. पेटी फुटली, कागद निघाले, कॅमेरा निघाला. त्यांनी तो हातात फिरवला, खिडकीकडे धरला. मला काही वेगळं दिसलं नाही. हवालदार बाई म्हणाली, “साहेब, मागे घ्या. अजून थोडं. थांबवा.”

कड्यावरचा नंबर उन्हात चमकत होता. बाईंच्या फोटोतलाच नंबर. आणि काच आरशासारखी स्वच्छ.

विक्रीचा, व्हिडिओतला आणि परत आलेल्या कॅमेऱ्याचा, असे तीन फोटो मी त्यांच्यासमोर शेजारी शेजारी मांडले. काही बोललो नाही. चौकशीत बरेचदा गप्प राहणंच उपयोगी पडतं. समोरचा माणूस ती शांतता स्वतःच भरतो. ते फोटो पाहत राहिले, मग त्यांचा चेहरा उतरला.

“साहेब, मी बदलली नाही. आईशपथ.”

“पण पार्सल उघडल्यावर साइटकडे तक्रार तुम्ही तीन दिवसांनी केलीत. त्या तीन दिवसांत कॅमेरा कोणाकडे होता?”

त्यांनी फाइल मिटून मांडीवर घेतली.

“शटर हळू होतं म्हणून दुरुस्तीला दिला होता. धुळ्यातच. परत आणला आणि लेन्स पाहिली तर बुरशी. मला वाटलं, आधीपासूनच असेल, मीच नीट पाहिलं नसेल. दुरुस्तीला दिला हे साइटला सांगितलं असतं तर माल परत घेतला नसता. म्हणून...”

“म्हणून एका बाईला जिल्हाभर चोर ठरवलंत.”

मी त्यांना लुच्चा मानून बसलो होतो. ते लुच्चे नव्हते. आपण फसलो या कल्पनेने आंधळे झालेले, आणि स्वतःची एक लहान लबाडी झाकायला दुसऱ्याची मोठी लबाडी धरून बसलेले.

धुळ्याच्या पोलिसांना सोबत घेऊन आम्ही त्या मेकॅनिकच्या दुकानावर गेलो. म्हातारा कारागीर, हात कसबी. आधी म्हणाला, “मी फक्त तेल दिलं.” पंचांसमोर आम्ही एकेक खण उघडायला लागलो. तिसऱ्या खणात, कापसात गुंडाळलेली ती लेन्स निघाली. नंबर तोच. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी काढून ठेवली होती. त्याच्यावर अपहाराचा गुन्हा दाखल झाला. ग्रुपवरचा मजकूर त्या गृहस्थांनी माझ्यासमोर काढला आणि त्याच जागी खरं काय ते लिहून माफी मागितली. त्यांच्याविरुद्ध बदनामीची तक्रार करायचा मार्ग मी बाईंना समजावून सांगितला. त्यांनी ती केली नाही.

बाईंचा जबाब घ्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. मुलीने चहा ठेवला. जबाब वाचून दाखवला, सही झाली. निघताना मी म्हणालो, “अक्का, ग्रुपवर त्या माणसाने जे लिहिलं, त्याचा फार त्रास झाला तुम्हाला.”

त्या चष्मा पुसत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्याचं काय, साहेब. तो परका माणूस. पंधरा दिवस मी तेच म्हणत होते, काही झालं तरी पोलिसांना खरं सांगेन. मग तुमना फोन वना.”

मुलगी काहीतरी बोलून विषय बदलायला लागली. मी टोपी उचलून बाहेर आलो.

लेन्स सापडली, आरोपी सापडला, वरिष्ठांनी हवालदार बाईला बक्षीस दिलं. पण माझ्या त्या एका मिनिटाच्या फोनची नोंद कुठल्याच डायरीत नाही. ती बाई बाकावरून उठून रुळाकडे गेली असती, तरी कागदोपत्री माझी चूक कोणालाच दिसली नसती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, ज्याच्याविरुद्ध अर्ज आला त्या माणसाला मी कधी फोन करून ठाण्यात बोलावलं नाही. घरी जायचो, खाली बसायचो आणि पहिला प्रश्न विचारायचो, “तुमचं काय म्हणणं आहे?” हाताखालचे फौजदार कधी कधी हसायचे, साहेबांना वेळ फार आहे म्हणायचे. मी त्यांना हसू द्यायचो.