साठ दाढांचा प्रबंध

लग्न होऊन मी सांडोरला आले तेव्हा माझं दंतवैद्यकाचं पुढचं शिक्षण अर्धं व्हायचं राहिलं होतं. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने बाहेर. घरात सासू, सासरे आणि मी. सासऱ्यांची केळीची आणि भाजीची वाडी होती. ते फार कमी बोलत. पहिल्या चार महिन्यांत आमचं बोलणं जेवणखाणाच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही.

माझा प्रबंध होता तो दातांना तारा लावताना दातावर जे छोटं ब्रॅकेट चिकटवतात, त्यावर. तोवर आम्ही दोन पेस्ट एकत्र कालवायचो. कालवली की मिनिट-दीड मिनिटात ती घट्ट व्हायची. ब्रॅकेट तिरकं बसलं तर ते तिरकंच राहायचं. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आमच्याकडे निळ्या प्रकाशाचा दिवा आला. त्याच्यासोबतची नवी पेस्ट दिवा धरेपर्यंत बऱ्यापैकी मऊ राहायची, म्हणजे ब्रॅकेट नीट सरकवायला उसंत मिळायची. या दोन्हींत जास्त घट्ट कोण धरतं, हे मला मोजायचं होतं. त्यासाठी साठ खऱ्या दाढा हव्या होत्या. तारा लावण्याआधी जागा करायला सुळ्यामागची छोटी दाढ काढतात तसल्या, न किडलेल्या, चीर नसलेल्या.

वर्षभर जमवलेल्या दाढांची पहिली बाटली कॉलेजात कुणीतरी साफसफाईत फेकून दिली. मग मी दाढा घरी आणू लागले. सासूबाईंना किळस येईल म्हणून बाटली कपाटात कपड्यांमागे ठेवली, तर ती त्यांनाच सापडली. कुणाच्या म्हणून त्यांनी विचारलं. बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या, मी म्हटलं. त्यांनी बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि खिडकीत ठेवली. दाढा सुकू नयेत म्हणून दर शनिवारी बाटलीतलं पाणी बदलायचं काम त्या दिवसापासून त्यांनी, मी न सांगता, आपल्याकडे घेतलं.

यंत्रात धरता यावी म्हणून प्रत्येक दाढ प्लास्टिकच्या ठोकळ्यात उभी बसवावी लागते. त्याच्या साच्यासाठी वाडीतल्या पाण्याच्या पाइपाचा उरलेला तुकडा मी ओट्यावर बसून सुरीने कापत होते. सासरे येऊन उभे राहिले. किती हवेत, किती लांब, एवढंच विचारलं. साठ, एक-एक इंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साठ तुकडे ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या कडा कानशीने घासलेल्या. ते सारखे आहेत का, हे त्यांनी वर काच ठेवून तपासलं होतं.

ब्रॅकेटं लावून झाली. एका इंजिनिअरिंग कॉलेजाने पकड मोजायच्या यंत्रासाठी एक दिवस दिला. खोकं जड होतं, म्हणून सासरे बरोबर आले, रविवारी चर्चमध्ये मिसाला घालायचा पांढरा शर्ट घालून. यंत्राचं पातं हळूहळू ब्रॅकेटवर दाब देई, आणि ते निसटलं की काटा त्या आकड्यावर थांबे. पहिलं निसटलं तेव्हा टक् असा आवाज झाला आणि सासरे खुर्चीतून उठलेच. दहा-बारा झाल्यावर ते जवळ आले.

"बाय, एवढ्या जिवाने चिकटवलंस, ते तोडायलाच?"

किती सहन होतं ते तुटल्याशिवाय कळत नाही, असं मी सांगितलं. माझ्या हातातली वही-पेन्सिल त्यांनी घेतली आणि यंत्र चालवणारा सांगेल तो आकडा मराठीत लिहू लागले. दोन दाढांच्या वरच्या कवचाचा पापुद्रा ब्रॅकेटबरोबर निघून आला, तेव्हा त्यांनी त्या वेगळ्या काढून मला दाखवल्या. इतकी घट्ट पकडही बरी नाही, शेवटी ब्रॅकेट काढायचंच असतं, हे मी त्यांना सांगितलं.

दोन्ही पेस्ट जवळपास सारख्याच निघाल्या. नवी थोडी कमीच, पण तो फरक धरण्याजोगा नव्हता. माझी सगळी आशा नव्या पेस्टवर होती. घरी येऊन, हिशेब दोनदा करून, मी वाडीच्या बांधावर रडत बसले. सासरे पाणी सोडत होते.

"दोन्ही टिकतात ना? मग वाईट काय झालं?"

"नवीन जास्त चांगलं निघायला हवं होतं, बाबा."

"नव्यात हाताला वेळ मिळतो म्हणाली होतीस."

ते पुढच्या वाफ्याकडे गेले. प्रबंधाचा शेवट मी त्या वाक्यावरून लिहिला. पकड तितकीच, पण नीट बसवायला सवड जास्त.

प्रबंध बांधून आला. सासऱ्यांनी हात पुसून तो मांडीवर घेतला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, यंत्र चालवणारा आहे, नवरा आहे, आणि हे दोघं नाहीत. प्रती विद्यापीठात गेल्या होत्या. मी लाजेने तसं सांगून टाकलं.

"त्याचं राहू दे," ते म्हणाले. "आत काय लिहिलंस ते सांग."

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. चार संध्याकाळी मी ओट्यावर बसून आमच्या घरच्या बोलीत सगळा प्रबंध सांगितला. काही शब्दांवर अडले, तर सासूबाई आतून साधा शब्द सुचवायच्या. चौथ्या दिवशी, संदर्भांच्या यादीपाशी, सासऱ्यांचा डोळा लागला. सासूबाईंनी मला थांबायची खूण केली. पण उरलेली दोन पानं मी हळू आवाजात वाचून पुरी केली.