सखीची ओळ

सोलापुरात शिकायला गेले तेव्हा मला नावानं हाक मारणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. नाटकाच्या तालमीत ऑर्गन वाजवायचे, म्हणून मी सगळ्यांची पेटी. "पेटी आली का?" "पेटीला पण चहा सांगा." "पेटी, काळी चार धर." सुरुवातीला राग यायचा. पण राग धरून बसलं तर आपलंच रक्त आटतं, समोरच्याला पत्ताही नसतो, हे मला लवकरच कळलं.

आमचा अभ्यासक्रम संगीत नाटकाचा, एम.ए.चा. वर्गात बसून वह्या भरण्यापेक्षा अख्खं नाटक उभं करायचं आणि त्यातूनच शिकायचं, अशी तिथली पद्धत. गाणारे गाता गाता चालायला शिकत, रडता रडता सुरात राहायला शिकत. साथीची शाखा घेतलेली मी एकटीच. माझं शिक्षण तालमीत ऑर्गनवर व्हायचं. वर्षाच्या शेवटी प्रयोग, आणि तीच परीक्षा, त्यांची आणि माझीही.

तालमीला वाजवणं म्हणजे नुसती बोटं चालवणं नव्हे. गाणारीचा दम संपत आला की आपण आधीच साथ आवरती घ्यायची. तिचा सूर सुटला तर तो इतक्या हळू पुढं करायचा, की तिला वाटावं आपल्यालाच सापडला. आणि जो गैरहजर असेल त्याची जागा पेटीनं भरायची, हा आमचा रिवाज. सखीचं काम करणारी मुलगी होटगीकडच्या एका शाळेत नोकरी करायची आणि तालमीला निम्म्या वेळा पोचायचीच नाही. दुसऱ्या अंकात नायिका विचारते, 'कोण येईल ग दारी', आणि सखीनं पुढची ओळ गायची असते, 'येईल, दिवा लाव'. ती ओळ वर्षभर मीच गायले. नायिका तिची तान संपवून माझ्याकडे वळायची, मी गायचे, की ती पुढं सुरू. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

नायिका विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू बोलायची, आणि मराठी पदं अशी गायची की आमच्यातल्या मराठी पोरींनी तोंडात बोटं घालावीत. माझ्या फोनवर रोज तिचा निरोप असायचा. "ट्रॅक पाठव." "अर्धा सूर खाली करून पाठव." मी खोलीत बसून वाजवायचे, फोनवर रेकॉर्ड करायचे आणि पाठवायचे. उत्तरादाखल अंगठा यायचा. माझी खोली नवी पेठेत, कापडाच्या दुकानावर. खाली रिक्षा, गिऱ्हाईक, घासाघीस, नुसता कलकलाट, आणि वर मी रविवारी संध्याकाळपर्यंत तोंडही उघडलेलं नसायचं. एकदा उतू जाणाऱ्या दुधाला मी "थांब की ग" म्हणाले आणि माझाच आवाज ऐकून दचकले. एकटं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट समजलं.

तरी मला परत जायचं नव्हतं. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, एकच साल कबूल केलं होतं. आमची सांगोल्याकडं मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. निघताना आप्पा म्हणाले होते, "एक साल शीक. मग मी सवता यिऊन बगतो. बगण्यासारकं काय आसंल तर म्होरचं बोलू. न्हायतर मामा स्थळ घिऊन बसलाच हाय." आप्पा एकदा बोलले की बोलले. त्यामुळे परीक्षक काय म्हणतील याची मला फारशी फिकीर नव्हती. माझे खरे परीक्षक एसटीनं येणार होते.

प्रयोगाच्या आठवड्यात नाटक बसवणाऱ्या सरांनी आमची बैठक बदलली. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढं, लोकांना दिसतील असे मांडतात. सरांना मोकळं चित्र हवं होतं. त्यांनी आम्हाला विंगेत, काळ्या पडद्याआड बसवलं.

मी धीर करून म्हणाले, "सर, माझे वडील येणार आहेत."

"येऊ देत की," सर म्हणाले. "ऐकू तर येणारच आहे."

मी विंगेत स्टूल सरकवलं.

प्रयोग दुपारचा होता. पडद्याच्या फटीतून मला आप्पा दिसले. इस्त्रीचा सदरा, पाठ खुर्चीला न टेकता ताठ बसलेले, आणि नजर सारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारी. ते मला शोधत होते. नांदी झाली, पहिला अंक झाला, ते शोधतच होते. माझे पाय भाता मारत होते, बोटं चालली होती, आणि नजर त्या फटीवरून हटत नव्हती.

दुसऱ्या अंकात नायिकेनं 'कोण येईल ग दारी' ही ओळ जीव ओतून गायली. सखी तिच्या शेजारीच उभी होती. शाळेतून रजा घेऊन, नटूनथटून, अगदी तयार. पण नायिकेनं तान संपवली आणि वर्षभराच्या सवयीनं वळली ती विंगेकडे. माझ्याकडे. आणि मी गायले. 'येईल, दिवा लाव.' विचार करायला वेळच नव्हता, तालमीत जशी गायचे तशीच गाऊन मोकळी झाले. सखीचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. नायिकेनं प्रसंग सावरून घेतला. प्रेक्षकांना वाटलं असेल, असंच बसवलेलं आहे. पण पुढच्या रांगेत परीक्षकांच्या माना एकमेकांकडे वळल्या, ते मला दिसलं.

पडदा पडल्यावर सर एवढंच म्हणाले, "साथ करणाऱ्यानं तोंड मिटून ठेवायचं असतं." नायिकेभोवती गर्दी होती. मी पेटीवर कापड टाकलं आणि मागच्या दारानं बाहेर आले.

आप्पा लिंबाखाली उभे होते. चेहरा खुललेला.

"वळाकला की म्या," ते म्हणाले. "तुजा आवाज. तू दिसली न्हाईस, पर आवाज आला आन् लगीच वळाकला. शेजारच्याला सांगितलं, ही माजी पोरगी हाय."

"आप्पा, ती पेटी मी वाजवत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"पेटी?" आप्पांनी जरा आठवून बघितलं. "ती तर सारकी वाजतच व्हती की."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. त्यांना पडद्यामागं नेऊन ऑर्गन दाखवावा, वाजवून दाखवावं, असं मनात आलं. पण त्यांच्या गाडीची वेळ झाली होती, आणि ते इतके खूश होते.

स्टँडवर गाडीत चढताना ते थांबले. "एकच वळ दिली व्हय ग तुला? पर लई ग्वाड गायलीस. शीक आनी एक साल. आन् त्या मास्तरास्नी सांग, म्होरच्या बारीला जरा जास्त द्या म्हनावं."

"सांगते," मी म्हणाले.

गाडी निघाली. खिडकीतून ते हात हलवत होते, मीही हलवत होते. मला आणखी एक वर्ष मिळालं होतं, ते मी जिथं चुकले त्या एका ओळीवर. जे मी वर्षभर न चुकता वाजवलं, ते माझ्या बापालाही ऐकू गेलं नव्हतं. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी तिथल्याच बाकावर बसले आणि पोटभर रडले.