तीन मिनिटांत नाटककार

आमच्या मराठी नाटकमंडळींत माझं काम ठरलेलं आहे. आभारप्रदर्शन. अभिनय मला येत नाही हे पहिल्याच वर्षी सर्वानुमते ठरलं. पण माइक हातात आला की व्यासपीठावरच्या मान्यवरांपासून सामोसे आणणाऱ्या काकूंपर्यंत एकालाही न विसरता मी पंधरा मिनिटं बोलू शकतो. तेवढ्यात लोक गाड्या काढायला निघून जातात, तो त्यांचा प्रश्न.

बायकोचंही काम ठरलेलं. ती प्रॉम्प्टर. बावीस वर्षं ती संहिता मांडीवर घेऊन विंगेत घडीच्या खुर्चीवर बसत आली आहे. कोणाचं वाक्य कुठे अडणार, हे तिला ते अडायच्या आधी कळतं. प्रेक्षकांना तिचा आवाज ऐकू गेला तर तिला रात्रभर चुटपुट लागते.

मागच्या वर्षी या बाईने कोणालाही न सांगता एक नाटक लिहिलं. मुलांकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं, दोन अंकी. पूर्ण झाल्यावर तिने वही माझ्यापुढे ठेवली आणि भाजी चिरायला घेतली. मी एका बैठकीत वाचून काढलं. इतकं चांगलं होतं की मला आधी खरंच वाटेना. जरा रागही आला, कारण त्यातला नवरा फार बोलतो.

नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलच्या शेजारी आमचं गाव आहे. जुन्या शाळेच्या इमारतीत गावाने एक छोटं थिएटर केलंय. दर वर्षी गावची कौन्सिल काही स्थानिक कलाकार निवडते आणि त्यांना ते थिएटर, दिवे, माणसं अशी सगळी मदत देते. हिने इंग्रजीत नाटकाचा सारांश लिहून अर्ज केला आणि ते निवडलं गेलं. वसंतात प्रयोग ठरला. अमेरिकन सरकारने आमच्या नाटकाला थिएटर दिलं, असं मी फोनवर सगळ्यांना सांगितलं. सरकार म्हणजे गावचं, एवढा खुलासा मात्र केला नाही.

मग वारं फिरलं. वॉशिंग्टनमध्ये कलेसाठीच्या मदतीला कात्री लागली, आणि पाठोपाठ आमच्या कौन्सिलमधल्या एका सदस्याने प्रस्ताव आणला की नाटक-नाच ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून करावं, गावाचा पैसा रस्त्यांवर खर्च व्हावा. मतदानाआधी लोकांचं म्हणणं ऐकणार होते. माणशी तीन मिनिटं. प्रस्ताव मंजूर झाला तर हिचं नाटक वहीतच राहणार, हे उघड होतं.

कोण बोलणार, हे ठरवायला आमची मंडळी जमली. नाटकात मुलाचं काम करणारा नागपूरचा आयटीवाला म्हणाला, "यार काका, माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. टाउन हॉलमध्ये माइकवर बोलणं मला रिस्की वाटतं. मी मागे बसतो, टाळ्या वाजवतो." त्याला नावं ठेवायला माझी जीभ उचलली नाही. पंधरा वर्षं मीही तसाच मागे बसलेलो आहे. शेवटी सिटिझन असलेली आम्हीच दोघं बोलायला उरलो.

"मी नीट मुद्दे मांडतो," मी बायकोला म्हणालो. "तू फक्त उठून माझ्या नवऱ्याशी मी सहमत आहे एवढं म्हण."

"बरं," ती म्हणाली. या 'बरं'चा अर्थ मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही लागत नाही.

आठवडाभर मी भाषण घासून-पुसून तयार केलं. संध्याकाळी सहाला हॉल भरला होता. बोलायच्या जागी एक छोटा दिवा होता: आधी हिरवा, मग पिवळा, वेळ संपली की लाल. माझं नाव पुकारलं गेलं. मी कोटाचं बटण लावलं आणि आपल्या पद्धतीप्रमाणे सुरुवात केली. मेयरबाईंचं नाव घेतलं. मग सगळ्या कौन्सिल सदस्यांची नावं, त्यांच्या हुद्द्यांसकट, डावीकडून उजवीकडे. मग सभेच्या नोंदी ठेवणारा क्लार्क. दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाचेही आभार मानले, तो बिचारा दचकला. शाळेची इमारत बांधणाऱ्यांचं स्मरण केलं. पिवळा दिवा लागला. मला वाटलं, रंगतंय.

दुसऱ्या रांगेत बायको ओठ हलवत होती. "मुद्दा. मुद्दा." बावीस वर्षांत तिने दिलेलं प्रॉम्प्ट न घेणारा मी पहिलाच.

"तर आता मी मुख्य विषयाकडे वळतो," मी म्हणालो आणि लाल दिवा लागला. मेयरबाई हसून थँक यू म्हणाल्या. मी म्हणालो, आत्ताच तर सुरुवात केलीय. त्या पुन्हा थँक यू म्हणाल्या. हॉलमध्ये हशा पिकला. प्रेमळ होता, पण हशाच. जागेवर येऊन बसलो तेव्हा माझे कान तापले होते. एका नाटकाचा जीव माझ्या हातात होता आणि मी पोलिसाचे आभार मानून आलो होतो.

पुढचं नाव तिचं होतं. हातात कागद नव्हता. तिचं इंग्रजी शाळेतलं, सावकाश, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखं. ती जे म्हणाली ते मी मराठीत सांगतो.

"मी एक नाटक लिहिलंय. दुपारी तुमच्या ग्रीनवेच्या पायवाटेवर म्हातारी जोडपी फिरताना तुम्ही पाहता. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या बायका, कानाला मफलर बांधलेले पुरुष. तुम्ही त्यांना हात करता, तेही करतात. सहा महिने ते इथे राहतात आणि तुमच्याशी एक वाक्य बोलत नाहीत. ते काय बोलले असते, ते मी लिहिलंय. नाटक मराठीत आहे, वर पडद्यावर इंग्रजी दिसेल. तुम्ही मदत बंद केलीत तरी मी लिहीन. लिहायला सरकार लागत नाही. पण ते मी माझ्या किचनमध्ये वाचलं तर आमचीच माणसं ऐकतील. गावाच्या थिएटरमध्ये झालं तर तुम्हीही ऐकाल. ही मदत त्यासाठी आहे."

एवढं बोलून ती थांबली. दिवा अजून हिरवाच होता. कोणाचेही आभार न मानता ती येऊन बसली. मागून एकट्या आयटीवाल्याची टाळी आली, आणि मग सगळ्या हॉलची.

प्रस्ताव आणणारा सदस्य पुढे झुकला. ही माणसं ग्रीनवेबद्दल काय म्हणतात, असं त्याने विचारलं. ही बसल्या जागेवरून म्हणाली, "दुसऱ्या अंकात आहे." माझा ऊर असा भरून आला की मी चष्मा पुसत राहिलो. माझ्या बायकोने भर सभेत, परक्या भाषेत, एका राजकारण्याला तिकीट काढायला सांगितलं होतं.

त्या सदस्याने मत मदतीच्या विरोधातच दिलं. पण निम्मी मदत एका मताने वाचली आणि वाचलेल्या यादीत हिचं नाटक राहिलं. वसंतातली तारीख कायम झाली, तालमी सुरू झाल्या, आणि प्रॉम्प्टिंगला कोण बसणार यावरून वाद झाले.

आठवड्याने गावाच्या वेबसाइटवर त्या सभेचं इतिवृत्त आलं. मी आधी माझं नाव शोधलं, खोटं कशाला बोलू. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: रहिवासी, कौन्सिलचे आभार मानले. त्याखाली तिचं नाव होतं. बोलण्यासाठी भरायच्या कार्डावर आम्ही दोघांनीही रहिवासी एवढंच लिहिलं होतं. ते कार्ड बाजूला ठेवून, तिचं बोलणं ऐकून, क्लार्कने तिच्या नावापुढे लिहिलं होतं: नाटककार.

तो शब्द मी पुन्हा वाचला. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, ही माझी बायको, प्रॉम्प्टिंगला असते. वहीतलं नाटक वाचल्यानंतरही मी तेच सांगत होतो. मला अभिमान वाटला तेवढीच लाजही वाटली.

लॅपटॉप उचलून मी तिच्याकडे नेला. ती तालमीसाठी दुसरा अंक दुरुस्त करत होती. पेन हातात तसंच ठेवून तिने ती ओळ वाचली.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली.