आधी तोंड, मग पाटी

माझी बायको नलू गेली, त्याला दीड महिना झाला. भेटायला येणारे हटकून विचारतात, "शेवटी काही बोलल्या का हो?" परवापर्यंत मी "नाही" म्हणत होतो.

उल्हासनगरच्या मूकबधिर शाळेत तिनं अख्खी नोकरी केली. तिचं एक ठाम मत. "आपली मुळाक्षरं कुणी उगीच रांगेत लावली नाहीत हो! क घशाजवळ, च टाळूला, त दाताशी, प ओठांवर. अक्षरं आतून बाहेर चालत येतात." मुलांच्या तोंडासमोर ती कागदाची पट्टी धरायची. 'प'ला पट्टी जेमतेम हलते, 'फ'ला उडते. मी अंबरनाथच्या कारखान्यात शिफ्टवर असायचो. घरी येऊन तिला चिडवायचो, "आज किती पतंग उडवले बाई?" पण तिचा नियम कडक होता. अक्षर तोंडातून आल्याशिवाय पाटी नाही. हाताला सोपी वाट सापडली की जीभ आळशी होते, म्हणायची. मुलं रडायची, आया गयावया करायच्या, ही ढिम्म.

मग गेल्या दिवाळीनंतर तिलाच अर्धांगवायूचा झटका आला. तिला कळायचं सगळं, पण जिभेत ताकद नव्हती, शब्दांचा नुसता लगदा व्हायचा. बदलापूरच्या आमच्या घरात मी रोज सकाळी खुर्ची ओढून, पट्टी घेऊन तिच्यासमोर बसू लागलो. क म्हण, ख म्हण... ती डाव्या हातानं पाटी मागायची. मी पाटी माळ्यावर टाकली. "आधी तोंड, मग पाटी! तुझाच नियम आहे, नलू." सुरुवातीला ती वाकडं हसायची. पुढं पुढं डोळ्यांतून पाणी यायचं. मला वाटायचं, कष्टाचं पाणी आहे, येऊ दे. मी असा हट्टी गाढव!

पुढं तिला दवाखान्यात ठेवलं, तिथंही मी पट्टी नेली. तिथल्या शेवटच्या दिवशी हरेश आला होता. हा तिचा जुना विद्यार्थी, उल्हासनगरात जीन्स शिवतो. कानानं ठार बहिरा, ओठ बघून बोलणं समजतो. पाच मिनिटं तिच्या पायाशी उभा राहिला, नमस्कार करून गेला.

परवा तो घरी आला. एकेक अक्षर जागेवर ठेवत बोलतो, तिनंच शिकवलेलं. म्हणाला, "काका, टीचरचं शेवटचं बोलणं तुम्ही ऐकलं ना?"

"कुठलं रे? तिला बोलताच येत नव्हतं."

तो बघतच राहिला. "मला वाटलं, तुम्हाला समजलं... टीचर तीनदा बोलल्या. पुरे करा. जवळ बसा."

आवाज नव्हता, ओठ होते. ते तिच्या पोरानं वाचले. आणि मी तेव्हा काय करत होतो? पट्टी तिच्या तोंडासमोर आणखी नीट धरत होतो.

हल्ली सकाळी मी खुर्ची ओढत नाही. तिच्या रिकाम्या पलंगावर, तिच्या बाजूला बसतो. फार उशीर झाला गं, नलू... पण बसतो.