दोन्ही नर

पुण्याच्या विमानतळावर माझ्या हँडबॅगेतल्या लिनो (ठसे छापायची मऊ शीट) कोरायच्या कोरण्या काढून घेतल्या. निवृत्तीला आलेला, अविवाहित चित्रकलेचा मास्तर मी. माझ्यापासून कुणाला धोका आहे, असं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला वाटलं.

अबू धाबीत, अल रीम बेटावर धाकटा भाऊ सुहास राहतो. त्यानं नव्या कोरण्या घेऊन दिल्या आणि सकाळी अल वथबाला नेलं. वाळवंटात तळं, तळ्यात रोहित (फ्लेमिंगो). मी रेखाटत बसलो. सुहास घामाघूम होऊन "यल्ला (चल) दादा, यल्ला" करत राहिला.

"इसमें मेल कौन, फीमेल कौन?" शेजारच्या केरळी पर्यटकानं विचारलं.

"दूर से पता नहीं चलता," मी म्हणालो. याच भांडवलावर मी आजवर जगलो होतो.

घरी मंजिरीनं, सुहासच्या बायकोनं, बातमी दिली. "भाऊजी, रविवारी शारजाहून वंदना जेवायला येतेय. माझी मैत्रीण. एकटीच असते. तुम्ही फक्त शर्ट बरा घाला."

अशी स्थळं मी आधी आईच्या आजारपणावर परतवली, मग तिच्या वर्षश्राद्धावर, पुढे स्वतःच्या मधुमेहावर. आता कारणं खलास (संपली).

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कोरलेल्या लिनोला शाई लावली, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला. प्रेस नसला की असंच करतात. कागद उचलला. चोचीला चोच लावलेले दोन रोहित. ठशात डावं ते उजवं होतं. बाकी जे कोरलं तेच उमटतं.

"किती गोड जोडी! यातली ती कुठली?" मंजिरी म्हणाली.

"दोन्ही नर."

"असं असतं?"

"असतं. अशा जोड्या पिल्लंसुद्धा वाढवतात."

सुहास मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "प्राण्यांत काय, काहीही चालतं. आपल्यात नाही ना."

"आपल्यातही आहे, सुहास. मी."

ज्या देशात हे मोठ्यानं बोलू नये, नेमका तिथे मला कंठ फुटला. सुहासनं उठून आधी बाल्कनीचं दार लावलं. तिसाव्या मजल्यावर.

"आईला माहीत होतं?"

"नाही. तिच्या दुखण्याआड लपलो रे मी."

तो ठशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंजू, वंदनाला फोन कर. कॅन्सल."

"आता? ती बिचारी तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलीये. जेवून तरी जाऊ दे!"

वंदनाताई आल्या, हमूर (इथला लाडका मासा) आवडीनं जेवल्या. ठसा पाहून त्यांनीही विचारलं, "यातली मादी कोणती?"

माझ्याआधी सुहास बोलला. "दोन्ही नर. दादाचंही तसंच आहे."

वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हुश्श केलं. "म्हणजे मीही सुटले. मंजिरी, भात वाढ."

पुण्यात परतल्यावर ठसा दारासमोरच टांगलाय. येणारे मादी शोधतात, मी सांगून टाकतो. यातला मी कोणता, हे अजून कुणी विचारलेलं नाही. उजवीकडचा, कोरताना डावीकडे होतो. दुसऱ्याचं नाव सांगणार नाही. माझ्या होकाराची वाट बघून त्यानं शेवटी रीतसर लग्न केलं. मी परतलो त्याच आठवड्यात त्याला नातू झाला. पेढे माझ्याकडेही आले. मधुमेह असून दोन खाल्ले.