सरासरी वारा

दाजींनी आयुष्यात जे काही केलं, ते कागदावर केलं. विमा कंपनीत बावीस वर्षं लोकांच्या आयुष्याच्या सरासऱ्या काढून त्यांची पक्की समजूत झाली होती, की जग सरासरीनंच चालतं. पोहायलासुद्धा ते पुस्तकातून शिकले होते, आणि पाण्यात उतरले की ते दिसायचं.

त्यांचा मेहुणा होड्यांची शिडं शिवायचा. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून तो त्यांना अहो-जाहो करी. त्यांच्या अकलेबद्दलचं मत मात्र मनात ठेवी. आज ते ओठांवर यायला लागलं होतं. दाजी ताईला घेऊन त्याच्या कारखान्यात आले होते आणि सुट्टीचा बेत ऐकवत होते. सात दिवस, पाच बेटं, भाड्याची शिडाची होडी. होडीवर फक्त दाजी आणि ताई.

"जोराच्या वाऱ्यासाठीचं ते जाड कापडाचं छोटं शीड नको," दाजी म्हणाले. "उगाच जागा खातं. वाऱ्याची सरासरी अकरा नॉट आहे."

"आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेटांमधल्या खिंडीत?"

"तिथले आकडे मी काढून टाकले. तीस, पस्तीस. बाकीच्यांशी जुळतच नव्हते. मोजणाऱ्याची चूक असणार."

मेहुण्यानं सुई खाली ठेवली. दोन डोंगरांमध्ये वारा कोंडतो आणि मग पिसाटासारखा सुटतो, हे धक्क्यावरच्या मांजरालाही ठाऊक होतं. या शहाण्यानं तो खोडरबरानं पुसला होता.

"दाजी, जोराच्या वाऱ्यात शीड आखडून लहान केलंय कधी?"

"व्हिडिओ तीनदा पाहिलाय. ही फक्त दोर धरेल."

"दोर सुटला तर ताई पाण्यात जाईल."

ताईनं दाजींच्या नकाशावर बोट ठेवलं. तिनं भावाला विचारलं, "त्या खिंडीतून फेरीबोट जाते का रे?"

"रोज दोनदा."

"मग मी तिनं जाते. ह्यांना येऊ दे मागून."

"अगं, दोघांची सुट्टी आहे ना ही?" दाजी म्हणाले.

"सरासरी काढा. त्यात आपण एकत्रच निघू."

एकट्यानं होडी हाकायची म्हटल्यावर दाजींनी पेन्सिल काढली. ते नकाशावर वाकले आणि खिंडीपलीकडची तिन्ही बेटं एकेक करून खोडायला लागले.

"दोन बेटांत सात दिवस?" मेहुण्यानं विचारलं.

"आराम हवाच," दाजी म्हणाले. "मूळ बेत तोच होता."