फाडलेली पानं

आमचे हे कारखान्यात तपासनीस. मशीनवरून उतरलेला बोल्ट मापात बसतो का ते बघायचं, केसाएवढा फरक निघाला तरी त्याला लाल ठिपका द्यायचा आणि भंगारात टाकायचा. वीस वर्षांत एक वाईट नग त्यांच्या हातून सुटला नाही. त्याचा अभिमान मलाही होता, खोटं कशाला बोलू?

पण तीच नजर घरी आली ना! लेक आठवीत गेल्यापासून रोज वही यांच्यापुढे. एक चूक दिसली की अख्खं पान टर्रकन फाडायचं आणि पुन्हा लिहायला लावायचं. ओरडणं नाही, मारणं नाही. मला म्हणायचे, तू मध्ये पडू नकोस. मीही मूग गिळून गप्प बसले, त्याची लाज आज वाटते.

दहावीच्या सराव परीक्षेनंतर बाईंनी आम्हाला शाळेत बोलावलं. गणिताची उत्तरपत्रिका समोर ठेवली. वर नाव, खाली सगळं कोरं. तोंडी विचारलं तर हीच गणितं पोर घडाघडा सांगते, बाई म्हणाल्या. पण पंधरा दिवसांनी मुख्य परीक्षेत असंच केलं तर वर्ष गेलं.

यांनी तिथंच लेकीला विचारलं, "येत होतं ना? मग लिहिलं का नाहीस?"

ती बाकाकडे बघत म्हणाली, "कोरं पान कोणी फाडत नाही, बाबा."

घरी आल्या आल्या यांनी नवी वही तिच्यापुढे ठेवली, एक गणित घातलं आणि स्वतः खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

पोर कधी यांच्या पाठीकडे बघे, कधी माझ्याकडे. पेन काही टेकेना.

"लिही गं," मी म्हटलं. "आज हे वळले तर गाठ माझ्याशी आहे."

तिनं चार ओळी लिहिल्या. पाचवीला थांबली. चुकलं होतं, तिचं तिलाच कळलं. तिचा हात आपसूक पानाच्या कडेला गेला, फाडायला. कागद कुरकुरला मात्र, यांची पाठ ताठ झाली.

"राहू दे ते पान," हे भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले. "रेघ मार आणि पुढे लिही."

तिनं रेघ मारली. मग खाली लिहीत गेली, पान उलटलं, तरी हे वळले नाहीत.